साठ पोरी आणि एक व्ह्यू

"मी आता जे सांगणार हाय, त्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसायचा न्हाय. बसला तर मिशी काढून देतो," मी म्हणालो.

"मिशी हाय कुठं तुला, केरबा?" पलीकडच्या खाटेवरून सिद्धाप्पा म्हणाला.

खरंच नव्हती. पण गोष्टीला सुरुवात करायला मिशी लागत नाही.

मंगळवार पेठेतल्या दवाखान्याचा दुसरा मजला. चार खाटा, डायलिसिसची चार मशिनं. आठवड्यातनं तीनदा आम्ही इथं येतो, डाव्या हातात दोन सुया टोचून घेतो, आणि चार तास आपलंच रक्त नळीतनं बाहेर जाऊन परत येताना बघत पडून राहतो. हात हलवायचा नाही. पाणी मागायचं नाही, दिवसाचं ठरलेलं असतं. सिद्धाप्पाचं गडहिंग्लजला अडत दुकान आहे, ते आता त्याचा पोरगा बघतो. समोर बायडाबाई. चौथ्या खाटेवरचा माणूस आल्या आल्या झोपतो आणि सुया काढल्यावर उठतो, त्याचा आवाज आम्ही अजून ऐकलेला नाही. भिंतीवर टीव्ही आहे, पण त्याचा रिमोट कुणी नेला कुणास ठाऊक. त्यामुळं बोलायचं काम माझ्याकडं आलंय.

मागच्या आठवड्यात मी त्यांना पंचगंगेच्या पुरात आमच्या लायब्ररीचं कपाट कसं वाहून गेलं आणि नृसिंहवाडीच्या घाटाला कसं लागलं, आणि उघडलं तर आतली पुस्तकं कशी कोरडी ठणठणीत, ते सांगितलं होतं. सिद्धाप्पा आढ्याकडं बघत राहिला. बायडाबाईनं मोकळा हात कपाळाला लावून नमस्कार केला.

मिशीची पैज लावली त्या दिवशी सिस्टर नवीन होती. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, मधे नुसते डोळे. तेही जागरण झाल्यासारखे. बायडाबाईनं नाव विचारलं तर म्हणाली, "अनुजा." माझी सुई तिनं एका दमात टोचली, दुखलं नाही. म्हटलं, हात चांगला आहे पोरीचा.

"सांग की मग," सिद्धाप्पा म्हणाला. "चार तास काढायचं हाईत."

मी सांगायला लागलो.

मी बत्तीस वर्षं एका नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई होतो. पोरी मला मामा म्हणायच्या. शेवटची आठ वर्षं तिथं सौंदर्या मॅडम ग्रंथपाल होत्या. निपाणीकडच्या. नाव सौंदर्या, पण तोंडावर कायम तीन दिवस झोप न झालेल्या माणसाची कळा. त्याला कारण होतं. चार माणसांचं काम त्या एकट्या करायच्या आणि उरलेल्या वेळात का केलं याचा खुलासा लिहायच्या.

आमच्या पोरींची अडचण अशी होती. पुस्तकात बाळंतपणाचं चित्र असतं ते मधोमध कापलेल्या कलिंगडागत. त्यावरनं काय कळणार? दवाखान्यात ड्युटीला गेलं तर वीस पोरी एका टेबलाभोवती. पुढच्या दोघींना दिसतं, मागच्यांना डॉक्टरांची पाठ. आणि बाळ पायाळू असलं की डॉक्टर सरळ ऑपरेशनला नेतात आणि पोरींना बाहेर काढतात. म्हणजे पायाळू बाळाला कुठं धरायचं, कधी हात लावायचा आणि कधी अजिबात लावायचा नाही, हे डोळ्यांनी न बघताच आमच्या पोरी पास व्हायच्या. आणि नोकरी लागायची कुठं? घाटाकडं. जिथनं मोठा दवाखाना दोन तासांवर.

"माझा अमरसिंह पायाळूच," बायडाबाई म्हणाली. "घरातच झाला. आता गल्लीत कुणाची पाठ भरली की येत्यात आन् त्याचा पाय लावून घेत्यात. लगीच मोकळी हुती पाठ."

"फी घेतो का?" सिद्धाप्पानं विचारलं.

"च्या घेतो."

तर सौंदर्या मॅडमनी ठरवलं की कॉलेजसाठी बाळंतपणाचे व्हिडिओ घ्यायचे. परदेशात कुठंतरी काढलेले, चाळीस भाग. खऱ्या बायका, खरी बाळं, आणि प्रत्येक गोष्ट सावकाश, हाताला धरून दाखवलेली. बेंगलोरची एक कंपनी ते कॉलेजांना द्यायची. देशभरात ती एकच कंपनी. मॅडमनी अर्ज लिहिला आणि मी तो ऑफिसात नेऊन दिला. तिथनं पुढं अडीच वर्षं ती फाईल मी वर नेत होतो आणि खाली आणत होतो. माझा गुडघा गेला तो त्याच फाईलनं, किडनीचं मला माहीत नाही.

ऑफिसात आदर्श नावाचा क्लार्क होता. तो म्हणाला, "मॅडम, तीन कोटेशन लागतात. कमी असेल त्याचं घेऊ."

"आदर्श, हे एकच कंपनी विकते."

"मग बाकीच्या दोघांकडनं 'आमच्याकडं मिळत नाही' असं कोटेशन आणा. पण तीन पाहिजेत."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही बसा. आणि मी इचलकरंजीला गेलो. तिथं माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा, सुताला खळ लावणारा सायझिंगवाला आहे. त्याच्याकडनं छापील कागदावर लिहून आणलं, 'आमच्याकडे बाळंतपणाचे व्हिडिओ मिळत नाहीत. सुताची बिमे मिळतील. कळावे.' दुसरं आणलं बिंदू चौकातल्या एका चपलांच्या दुकानातनं. आदर्शनं तिन्ही कागद टाचणी लावून फाईलला जोडले आणि खाली लिहिलं, 'तुलनात्मक तक्ता पाहिला.'

"हे खोटं," सिद्धाप्पा म्हणाला.

"हे खरं हाय. खोटं पुढं येतंय."

बायडाबाई खुसुखुसु हसली आणि तिच्या मशिनची शिट्टी वाजली. सिस्टर आली, नळी सरळ केली, "हात हलवू नका, आजी," म्हणाली आणि जाता जाता माझ्या खाटेशी थांबून ब्लड प्रेशरचा पट्टा बांधायला लागली.

मग कमिटी बसली. तिथं मॅडमना एकच गोष्ट पाच जणांना पाच वेळा सांगायला लागली. व्हिडिओ विकत मिळत नाहीत. मिळतो तो परवाना. एक वर्ष बघायचा हक्क. एक एप्रिल ते एकतीस मार्च.

"आणि वर्ष संपलं की?" प्राचार्यांनी विचारलं.

"बंद होतात, सर. पुन्हा परवाना घ्यायचा."

"आणि आपल्याकडं काय राहतं?"

"काही नाही, सर."

"मग रजिस्टरला काय नोंदवायचं? शिक्का कशावर मारायचा?"

मॅडमनी कंपनीच्या ईमेलचा कागद छापून घेतला आणि त्याच्यावर कॉलेजचा गोल शिक्का मारला. तेव्हा कुठं सगळ्यांचं समाधान झालं.

"खंडानं घेतलेल्या रानागत झालं की," सिद्धाप्पा म्हणाला. "पीक तुमचं, माती त्याची."

"तसंच की. आन् रानात कुणी, कसं जायचं, तेबी मालकच ठरवणार."

कारण परवान्याचा कागद आला तो चाळीस पानी. इंग्रजी, बारीक. कॉलेजात तो वाचणारं माणूस एकच. मॅडमनी चार दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि तो कागद दुसऱ्या हाताला ठेवून वाचला. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "मामा, यात एक कलम आहे. लायब्ररीचं नाव आणि पासवर्ड टाकून मुलगी आपापल्या कॉम्प्युटरवर एकटी बघू शकते. सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल तर त्याचा हक्क वेगळा आहे. तो आपण घेतलेला नाही."

मी म्हणालो, "घेऊ की मग."

"त्याला परत तीन कोटेशन."

लायब्ररीत कॉम्प्युटर होते सहा, त्यातले चालू दोन. हॉस्टेलवर नेट म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. पोरी साठ. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं कुठलीच गोष्ट एकट्यानं बघायची पद्धत नाही. कुस्ती एकटा माणूस बघतो का? मॅच बघतो का? एकट्यानं बघितलं तर शेजारच्याला कोपर मारून "बघितलंस का?" कुणाला म्हणायचं?

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "मामा, मी रोज चार ते पाच ऑफिसात असते. हॉलमध्ये त्या वेळी काय चालतं, मला माहीत नाही."

मी समजलो. त्या दिवसापासून रोज चारला मी हॉलच्या भिंतीला हॉस्टेलची एक चादर लावायचो, प्रोजेक्टर लावायचो आणि लायब्ररीचं नाव टाकून बटण दाबायचो.

"चादर निळी होती," सिस्टर म्हणाली.

पट्टा अजून माझ्या दंडाला होता. तिनं हवा सोडली.

"व्हय, निळीच," मी म्हणालो. "तुला गं काय म्हाईत?"

"मी तिथलीच."

"कुठल्या बॅचची?"

"पुढं सांगा, मामा. अजून अडीच तास आहेत." तिनं आकडा कागदावर लिहिला आणि सिद्धाप्पाच्या खाटेकडं गेली.

घशाला कोरड पडली. पण पाणी मागायची सोय नाही, आणि गोष्ट अर्ध्यावर सोडायची तर त्याहून नाही. बायडाबाई कुशीवर वळायला बघत होती. मी जरा सावरून पुढं सांगायला लागलो.

एक-एक व्हिडिओ पोरी चार-चारदा बघायच्या. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा शिकवणाऱ्या बाई मधे थांबवून मराठीत सांगायच्या. तिसऱ्यांदा पोरी वहीत लिहून घ्यायच्या. चौथ्यांदा त्यांचाच आग्रह असायचा, "मामा, परत लावा, हात परत दाखवा." साठ पोरी असून हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायचा. बाळ बाहेर आलं आणि रडलं की सगळ्याजणी एकदम श्वास सोडायच्या. मीही सोडायचो. चार पोरांचा बाप आहे मी, पण दाराबाहेर बिडी ओढत बसण्यापलीकडं मला बाळंतपण कधी माहीत नव्हतं.

असे अठरा व्हिडिओ झाले. एकोणिसावा पायाळूचा. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लावायचा, असं बाईंनी ठरवलं, कारण मधे पोरींची वॉर्डातली ड्युटी आणि परीक्षा होती.

आणि फेब्रुवारीत कंपनीचा अहवाल आला. वर्षभरात कुठला व्हिडिओ किती वेळा बघितला गेला, त्याचा. त्यावरच पुढच्या वर्षाचा परवाना घ्यायचा की नाही, हे कमिटी ठरवणार. अहवालात आकडा होता एकाहत्तर.

अठरा चोक बहात्तर. एकदा वीज गेली, म्हणून एकाहत्तर.

कंपनीच्या मशिनला काय कळतंय? पुढं एक बसलाय का साठ, ते त्याला दिसत नाही. बटण एकदा दाबलं, एक व्ह्यू झाला. प्राचार्यांनी कागदाच्या कडेला भागाकार केला. "साठ मुली, एकाहत्तर वेळा. म्हणजे एका मुलीनं वर्षात कसंबसं एकदा बघितलं. मॅडम, कुणी बघतच नाही हे. बंद करून टाका. त्यापेक्षा हॉलला कूलर घेऊ."

आता मॅडमची कोंडी बघा. साठ जणी रोज बघतात, असं सांगावं तर कलम मोडल्याचं आपल्या तोंडानं कबूल होतं, कंपनी दोन मिनिटांत बंद करते. गप्प बसावं तर कमिटी बंद करते. अडीच वर्षं चालवलेली फाईल, आणि एकोणिसावा अजून बघायचा राहिलेला. त्या दिवशी मॅडम पाच वाजून गेले तरी खुर्चीवरच बसून होत्या. मी दिवे बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या, मामा. मी दमले आहे, उठवत नाही."

"यप्पा," सिद्धाप्पा म्हणाला. "मग काय केलासा?"

"मग मी उठलो," मी म्हणालो. "आता खोटं येतंय म्हणालो होतो न्हवं? ऐका."

मॅडमना न सांगता मी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला आणि बाहेर पडलो. आकडा पाहिजे? आकडा देतो. पहिल्यांदा गेलो तालमीत. तिथं सम्राट नावाचा पैलवान होता, चार वर्षांत त्याला कुणी चीत केलेलं नव्हतं. म्हटलं, सम्राटा, मोबाईलवर एवढं बघ आणि बाकीच्या पोरांनाबी दाखव. पण आपापल्या मोबाईलवर, हां. पहिला व्हिडिओ त्यानं मांडी घालून बघितला. दुसऱ्याच्या सातव्या मिनिटाला उभा राहिला आणि तसाच लाल मातीत उताणा. पाठ पूर्ण टेकलेली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, वस्तादांनी मोबाईलला नमस्कार केला.

बायडाबाई तोंडावर पदर घेऊन हसत होती. मशिन वाजू नये म्हणून हात मात्र तिनं दगडासारखा ठेवला होता.

तिथनं इचलकरंजी. लूमच्या शेडात एक कामगार भेटला, एकटा बारा माग चालवणारा. पाळी बदलायच्या वेळी जेवढे मोबाईल शेडात होते तेवढे त्यानं गोळा केले आणि एका-एका मागावर एक-एक बांधला. धोटा इकडनं तिकडं, बाळ इकडनं बाहेर. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण बघायला काय लागतंय? एका शेडात एका तासाला शंभर. त्या पेठेत चाळीस शेड. तिथनं नृसिंहवाडी. तिथं दर्शनाच्या रांगेत माणसं तासभर उभीच असतात, रिकामी. पुजाऱ्यानं डोळे वटारले, पण त्यानंही दोन बघितले. आठ दिवसांत किती झाले असतील? सांगा.

"पाचशे," सिद्धाप्पा म्हणाला.

"अकरा हजार चारशे."

"थू!"

"बेंगलोरला कंपनीच्या मशिनवर लाल दिवा लागला. त्यांना वाटलं, कोल्हापुरात एकदम सगळ्या बायका बाळंत व्हायला लागल्यात."

सिद्धाप्पा पहिल्यांदाच पोटातनं हसला. चौथ्या खाटेवरच्या माणसानं झोपेत तोंड हलवलं. सिस्टर मात्र खिडकीशी उभी राहून औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचत होती. एवढी बारीक तारीख वाचायला तिला बराच वेळ लागत होता.

"मग झालं की काम," बायडाबाई म्हणाली.

न्हाय झालं. कारण अहवाल जानेवारीपर्यंतचा. फेब्रुवारीत बघितलेलं पुढच्या वर्षाच्या हिशोबात धरणार, आणि तेही पुढचं वर्ष मिळालं तर. मॅडमनी मला शांतपणे हे समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत. रागवायला सुद्धा अंगात काहीतरी लागतं.

मग राहिली शेवटची मीटिंग. कमिटी टेबलाभोवती, आणि कंपनीचा राजवीर म्हणून एक साहेब बेंगलोरहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर. प्राचार्य म्हणाले होते, एखादी विद्यार्थिनी आणा, तिलाच विचारू. मॅडमनी एक पोरगी निवडली. पहिल्या रांगेत बसणारी, हात परत दाखवा म्हणणारी तीच. मॅडमनी तिला बजावलं होतं, "फक्त 'आम्ही बघतो, आम्हाला उपयोग होतो' एवढंच सांग. जास्त बोलू नकोस."

"नाव काय तिचं?" सिस्टरनं खिडकीकडनं विचारलं. वळली नाही.

"नाव..." मी म्हणालो. "बत्तीस वर्षांत किती पोरी आल्या आन् गेल्या. नाव काय ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

"बरं. पुढं."

ती पोरगी बाहेर बाकावर बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी चहाचा ट्रे घेऊन आत निघालो होतो. तिच्यापाशी थांबलो. म्हणालो, "घाबरायचं न्हाय. आपण काय चोरी केल्या व्हय? खरं ते बिनधास्त सांग. साठ जणी एकदम बघतोय म्हणून सांग. साठ म्हणलं की सगळ्यांची तोंडं बंद." कलम मला माहीत होतं. पण आत कागदावर भागाकार करून माझ्या पोरींना आळशी म्हणत होते, ते मला सोसलं नाही. आणि मी मनात म्हटलं, साहेब असला तरी माणूसच आहे, साठ पोरी म्हटल्यावर त्यालाबी बरंच वाटंल.

तिला आत बोलावलं. मी चहा ठेवत होतो. राजवीर साहेबानं हिंदीत विचारलं, व्हिडिओ बघता का? ती म्हणाली, "हो सर." प्राचार्य म्हणाले, "मग आकडा इतका कमी कसा?" तिनं मॅडमकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाली, "सर, आम्ही साठ जणी एकदम बघतो. रोज चारला. हॉलमध्ये."

मॅडमनी मान खाली घातली. मी शेवटचा कप टेबलावर ठेवला.

"मग?" बायडाबाई म्हणाली.

मी जरा थांबलो. इथं थांबायचंच असतं. मशिनं घरघरत होती, आणि सिस्टर खिडकीपासनं निघून माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली होती.

"मग काय," मी म्हणालो, "राजवीर साहेब हसला. असा हसला की त्याचा चष्मा खाली पडला. म्हणाला, मी देशभर फिरलो, दोनशे कॉलेजं बघितली, कुणी म्हणतं आमच्याकडं नेट नाही, कुणी म्हणतं वेळ नाही, आणि इथं साठ पोरी एका चादरीपुढं! त्यानं त्याच मिनिटाला कागद पाठवला. सगळ्यांनी एकत्र बघायचा हक्क, तीन वर्षांसाठी, कोटेशनशिवाय. प्राचार्यांनी उभं राहून त्या पोरीचं कौतुक केलं. मॅडम त्या दिवशी आठ वर्षांत पहिल्यांदा पाचच्या ठोक्याला घरी गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी चारला आम्ही एकोणिसावा लावला. पायाळूचा. चारदा न्हाय, सहादा बघितला. पुढं ती पोरगी घाटाकडं नोकरीला लागली, आणि पहिल्याच महिन्यात तिच्यापुढं एक पायाळू बाळ आलं. तिचे हात असे चालले, असे चालले, की बाळाची आजी म्हणाली, पोरी, तू ह्याच्या आधी किती काढलीस? आणि ती म्हणाली..."

"मामा, खोटं बोलताय तुम्ही."

ती मोठ्यानं बोलली. चौथ्या खाटेवरचा माणूस डोळे उघडून बघायला लागला. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला होता.

"तालमीचं सांगा, मागाचं सांगा, मी काय म्हणत नाही. हे नका सांगू. तो साहेब हसला नाही. त्यानं खाली बघून लिहून घेतलं आणि विचारलं, 'साठ? नक्की?' मी म्हणाले, नक्की. दुसऱ्या दिवशी सगळं बंद झालं. एकोणिसावा आम्ही कुणीच बघितला नाही. आणि पायाळू बाळ माझ्यापुढं आलं तेव्हा माझे हात चालले नाहीत, मामा. नुसती बाळाला धरून उभी राहिले. बाळाच्या आजीनं मला खांद्याला धरून बाजूला सारलं, तिनं काढलं ते. बाळ जगलं, पण माझ्यामुळं नाही. मॅडमनी मला 'आम्ही बघतो' एवढंच सांग म्हणून बजावलं होतं. साठ मी म्हणाले, ते तुम्ही सांगितलं म्हणून."